ओरॅकलमधूनच वेब सर्व्हिसकडून ग्राहकांच्या नोंदी आणायच्या आहेत, मदत हवी

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते.

मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात डेटाबेस सांभाळते. बिलं, चलनं, उधारी सगळं ओरॅकल १९सी वर आहे आणि सर्व्हर आमच्याच आवारात आहे. मागच्या वर्षी विक्री विभागाने ग्राहकांची नोंदणी एका क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरवर नेली. नवा दुकानदार जोडला की त्याचं नाव, पत्ता, मोबाइल, जीएसटी नंबर आधी तिथे चढतो. आमच्या डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो. रोज सकाळी एक मुलगा तिथून एक्सेल उतरवतो आणि इथे चढवतो. गेल्या महिन्यात तो तीन दिवस रजेवर होता. त्या दिवसांत चलनं जुन्या पत्त्यांवर निघाली आणि विट्याची एक गाडी माल न उतरवता परत आली. दुकानदाराच्या विहिरीवर पंप बसवायला माणसं येऊन थांबली होती. ते मला फार लागलं.

त्या सॉफ्टवेअरची वेब सर्व्हिस आहे, जेसनमध्ये (नाव-मूल्य जोड्यांचा साधा मजकूर) उत्तर देते. ग्राहक साधारण ४०,००० आहेत. वेगळा सर्व्हर किंवा वेगळा प्रोग्रॅमर मिळणार नाही, त्यामुळे हे काम डेटाबेसच्या आतूनच करायचं आहे. ग्राहक क्रमांक दिला की यूटीएल_एचटीटीपी (डेटाबेसमधून वेबवर विचारणा करणारं ओरॅकलचं पॅकेज) वापरून नाव-पत्ता आणणारं फंक्शन लिहिलं. चालवल्यावर ओआरए-२४२४७ (नेटवर्कची परवानगी नाही) येतं. दोन प्रश्न आहेत:

ही परवानगी नेमकी कुणाला आणि कशी द्यायची?

बिलाच्या टेबलवर ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारा कोड) लावून बिल बनतानाच ताजी माहिती आणली तर?

एक गोष्ट महत्त्वाची. आमची चलनं मराठीत छापतात. ड्रायव्हर आणि हमाल तीच वाचतात. त्यामुळे नावं मराठीतच, आणि नीट, यायला हवीत.

—

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०.०२

२४२४७ म्हणजे डेटाबेसने तुमचं फंक्शन दारातच अडवलं. ११जी पासून बाहेरच्या कुठल्याही होस्टशी बोलायचं तर एसीएलमध्ये (कुणी कुठे बोलायचं याच्या परवानगी-यादीत) नोंद लागते. १९सी मध्ये डीबीएमएस_नेटवर्क_एसीएल_ॲडमिन या पॅकेजमधलं अपेंड_होस्ट_एसीई वापरा. होस्टचं पूर्ण नाव, पोर्ट ४४३ ते ४४३, प्रिव्हिलेज 'एचटीटीपी', आणि ज्या स्कीमाच्या (डेटाबेसमधल्या युजर-खात्याच्या) मालकीचं ते फंक्शन आहे त्या स्कीमाचं नाव. परवानगी रोलला देऊ नका. साध्या स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये रोल लागू होत नाही, आणि मग 'मी तर परवानगी दिली होती' म्हणत दिवस जातो. होस्टच्या जागी नुसता तारा टाकून सगळं जग मोकळं करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पुढे कधी ॲपेक्स_वेब_सर्व्हिस (ओरॅकलच्या ॲपेक्स या साधनातलं पॅकेज) वापरलंत तर परवानगी ॲपेक्सच्या स्कीमाला द्यावी लागते. त्या स्कीमाच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, म्हणून ॲपेक्स अपग्रेड झालं की नव्या नावाला परत द्यायची.

हे झालं की पुढची चूक बहुतेक ओआरए-२९०२४ (सर्टिफिकेटची तपासणी फसली) येईल. आली की इथे लिहा.

—

वडाचा_पार | मंगळवार, रात्री ११.२५

ताई, ट्रिगरचा विचार कृपया आजच सोडा. मी तीस वर्षं याच कामात आहे आणि हे कळकळीने सांगतोय.

बिल सेव्ह होताना ट्रिगर बाहेर विचारायला जाणार. समोरचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत बिलाची नोंद (रो) लॉक झालेली. यूटीएल_एचटीटीपीचा टाइमआउट बदलला नाही तर ६० सेकंद असतो. महिनाअखेरीला काउंटरवर पाच जण बिलं करत असताना समोरची सेवा अडकली की तुमचं बिलिंग तिच्याबरोबर अडकलं. शिवाय डेटाबेस कधीकधी तेच स्टेटमेंट आतल्या आत पुन्हा सुरू करतो, तेव्हा ट्रिगर दोनदा उडतो. बिल रोलबॅक झालं तरी बाहेर केलेली विचारणा परत घेता येत नाही.

एकेका ग्राहकासाठी फंक्शन हाही मार्ग नको. एका विचारणेला ०.३ सेकंद धरा. ४०,००० ग्राहकांना १२,००० सेकंद लागतील, म्हणजे ३ तास २० मिनिटं. तीच सेवा एका पानात ५०० नोंदी देत असेल तर ८० विचारणांत काम संपतं.

रचना अशी करा. एक जॉब ठरल्या वेळी पानं आणेल. प्रत्येक पानाचं उत्तर जसंच्या तसं एका कच्च्या टेबलात, क्लॉब (खूप लांब मजकूर मावणाऱ्या) कॉलममध्ये ठेवेल. दुसरी पायरी त्यातून नोंदी फोडेल. तिसरी पायरी मर्ज करून (नोंद असेल तर बदलून, नसेल तर नवी घालून) खऱ्या ग्राहक टेबलात नेईल. बिल फक्त आपल्या घरच्या टेबलाकडे बघेल. कच्चं उत्तर ठेवण्याचा कंटाळा करू नका, उद्या काही बिनसलं तर तोच एक पुरावा असतो.

—

निळा_हत्ती | बुधवार, सकाळी ८.४०

माझं मत वेगळं आहे. हे काम डेटाबेसचं नाहीच. पन्नास ओळींची पायथन स्क्रिप्ट आणि ती ठरल्या वेळी चालवणारं क्रॉन पुरेसं आहे. मी पोस्टग्रेसवर असतो. तिथेही एचटीटीपी नावाचं एक्स्टेन्शन आहे, पीएल-पायथनमधूनही जमतं, तरी मी बाहेरूनच आणतो. डेटाबेस सर्व्हरला इंटरनेटकडे दार उघडून देणं मला पटत नाही.

—

कोयनाकाठ | बुधवार, दुपारी १.१५

वडाचा_पार काका, ट्रिगर सोडला. गणित वाचून पोटात गोळा आला.

निळा_हत्ती, तुमचं म्हणणं पटतं, पण आमच्याकडे ती स्क्रिप्ट उद्या कोण बघणार? आधीच्या माणसाची अशीच एक स्क्रिप्ट त्याच्या जुन्या मशीनवर होती. मशीन भंगारात गेलं आणि स्क्रिप्टही गेली. प्रोसीजर डेटाबेसमध्ये असेल तर निदान रोजच्या बॅकअपमध्ये तरी असते. बाहेरचं दार फक्त त्या एका होस्टपुरतं फायरवॉलवरही उघडून घेतलंय.

रात्रपाळी म्हणाले तसंच झालं. परवानगी दिली आणि ओआरए-२९०२४ आलं. ब्राउझरमधून साइटचं सर्टिफिकेट उतरवून वॉलेटमध्ये (ओरॅकलच्या सर्टिफिकेटं ठेवायच्या फोल्डरमध्ये) घातलंय, तरी तेच.

—

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १.५०

तेच काढा. वॉलेटमध्ये साइटचं स्वतःचं सर्टिफिकेट घालायचं नसतं. त्याच्यावर सही करणारं मधलं आणि सगळ्यात वरचं रूट, ही दोनच ट्रस्टेड म्हणून घाला. १२सी पासून साइटचं स्वतःचं सर्टिफिकेट आत असलं की तपासणीच फसते असा अनुभव आहे. शिवाय साइटचं सर्टिफिकेट थोड्या थोड्या महिन्यांनी बदलतं, ते आत असेल तर तुमचा जॉब त्या दिवशी झोपणार.

ओरापीकेआय वॉलेट क्रिएट, ऑटो लॉगिनसह. मग सेट_वॉलेटमध्ये 'फाइल:' आणि फोल्डरचा रस्ता, पासवर्डच्या जागी नल. ओआरए-२८७५९ आलं तर रस्ता चुकलाय किंवा ओरॅकलच्या ओएस युजरला ते फोल्डर वाचता येत नाहीये. सेट_वॉलेट त्या सेशनपुरतंच असतं. तुमच्या खिडकीत चालतं आणि रात्रीच्या जॉबमध्ये नाही, असं होऊ द्यायचं नसेल तर ती ओळ प्रोसीजरच्या आतच लिहा.

—

बेळगाववाला | बुधवार, दुपारी ३.३०

वॉलेटवरून आमची गोष्ट सांगतो. आमच्याकडे दोन नोडचं रॅक आहे, म्हणजे एकच डेटाबेस दोन मशीनवरून चालतो. जॉब एका रात्री चालायचा, दुसऱ्या रात्री पडायचा. आम्ही समोरच्या कंपनीला आठवडाभर फोन केले. वॉलेटचं फोल्डर फक्त पहिल्या नोडवर होतं आणि जॉब दुसऱ्या नोडवर गेला की फाइलच सापडायची नाही. समोरच्यांची काहीही चूक नव्हती. मी त्यांची माफी मागितली.

दोन गोष्टी माझ्याकडून. ४०४ किंवा ५०० आलं तरी यूटीएल_एचटीटीपी आपणहून चूक फेकत नाही. चुकीचं एचटीएमएल पानही उत्तर म्हणून क्लॉबमध्ये बसतं. स्टेटस कोड तपासा, २०० नसेल तर तिथेच थांबा. दुसरं, प्रोसीजर मध्येच पडली तरी एंड_रिस्पॉन्स झालंच पाहिजे, ते एक्सेप्शनच्या भागातही लिहा. नाहीतर एका सेशनमध्ये पाच विचारण्या उघड्या राहिल्या की ओआरए-२९२७०.

आणि सेवेचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) प्रोसीजरमध्ये लिहू नका. सोर्स वाचता येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं.

—

कोयनाकाठ | गुरुवार, रात्री ८.२०

पहिलं पान आलं! ५०० नोंदी. आनंद पाच मिनिटं टिकला. इंग्रजीत नोंदवलेली नावं ठीक आहेत. मराठी नावांच्या जागी टोपी घातलेला ए, गोल चिन्हं, नोंदणीची खूण असला कचरा दिसतोय. आणि बऱ्याच ठिकाणी नाव चक्क रिकामं आहे. डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट एएल३२यूटीएफ८ आहे, तो मी तपासला. समोरच्यांचं उत्तर ब्राउझरमध्ये उघडलं की मराठी स्वच्छ दिसतं.

—

जोडाक्षर | गुरुवार, रात्री ९.४५

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून लांबण लावतो.

तुमचा डेटाबेस बरोबर, समोरची सेवाही बरोबर. घोळ मधल्या वाचनात आहे. उत्तराच्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये कॅरॅक्टर सेट लिहिलेला नसेल तर यूटीएल_एचटीटीपी ते उत्तर आयएसओ-८८५९-१ समजून वाचतं. जुन्या एचटीटीपी १.१ च्या नियमात मजकुरासाठी तसंच होतं. पण जेसन पाठवणारे कॅरॅक्टर सेट बहुधा लिहीत नाहीत, आणि त्यांना लिहायची गरजही नाही. २०१७ च्या आरएफसी ८२५९ प्रमाणे दोन यंत्रणांमध्ये जाणारं जेसन यूटीएफ-८ मध्येच असलं पाहिजे.

आता 'म' घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट: ई०, ए४, एई. आयएसओ-८८५९-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून एका 'म'ची तीन परकी अक्षरं झाली. ती तुमच्या एएल३२यूटीएफ८ डेटाबेसमध्ये साठवताना प्रत्येकी दोन बाइट घेतात. तीन बाइटचा 'म' सहा बाइटचा कचरा झाला.

उपाय एका ओळीचा आहे. गेट_रिस्पॉन्स झाल्यावर आणि वाचायला सुरुवात करण्याआधी त्या रिस्पॉन्सवर सेट_बॉडी_चारसेट 'यूटीएफ-८'. वाचायला रीड_टेक्स्ट वापरा. रीड_रॉने तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा बदललात तर एखादं अक्षर नेमकं तुकड्याच्या कडेवर चिरलं जाईल. आणि क्लॉबला जोडताना लांबी लेंग्थने मोजा, लेंग्थबीने नको.

खराब झालेल्या नोंदी उलट्या फिरवून दुरुस्त करत बसू नका. मूळ जागी डेटा चांगला आहे, तो परत आणा.

—

कोयनाकाठ | शुक्रवार, सकाळी ११.०५

जोडाक्षर, तुमचे आभार कसे मानू? एका ओळीत सगळं मराठी झालं. सर्व ८० पानं आणली, अजून चाचणीच्या स्कीमातच आहे.

पण रिकामी नावं पूर्ण गेली नाहीत. आधी मराठी नावांतली निम्म्याहून जास्त रिकामी होती, आता ६११ उरलीत. मला वाटलं विक्रीवाल्यांनी नावं भरलीच नसतील, आणि मी त्यांना तसं लिहिणार होते. त्याआधी काकांचं ऐकून कच्चं टेबल बघितलं. क्लॉबमध्ये नावं आहेत! जेसन_टेबलमधून (जेसनचे कॉलम करून देणारं फंक्शन) फोडताना गळतायत. चूक मात्र एकही येत नाही.

—

वडाचा_पार | शुक्रवार, सकाळी ११.३०

ताई, त्या ६११ नावांमध्ये काय सारखं आहे ते बघा. आणि जेसन_टेबलमध्ये नावाचा कॉलम किती लांबीचा लिहिलाय?

—

कोयनाकाठ | शुक्रवार, सकाळी ११.५२

व्हारचार२(६०). जुन्या ग्राहक टेबलात तेवढाच होता म्हणून. सारखं म्हणाल तर सगळी मराठी आहेत आणि जरा लांब आहेत. पण साठ अक्षरांचं त्यात एकही नाही. तीसच्या पुढे क्वचितच.

—

जोडाक्षर | शुक्रवार, दुपारी १२.२०

सापडलं. ६० म्हणजे साठ अक्षरं नव्हेत, साठ बाइट. लांबीपुढे काही लिहिलं नाही आणि डेटाबेसची सेटिंग बदललेली नसेल तर ओरॅकल बाइट धरतो.

समजा दुकानाचं नाव आहे 'ज्ञानेश्वर कृषी सेवा केंद्र'. डोळ्यांना दहा अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र, कृ, षी, से, वा, कें, द्र. डेटाबेस तसं मोजत नाही. 'ज्ञानेश्वर'मध्ये ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा चिन्हं आहेत. कृषीची चार, सेवाची चार, केंद्रची सहा. एकूण २४, प्रत्येकी तीन बाइट म्हणजे ७२. तीन मोकळ्या जागा धरून ७५. साठात बसत नाही.

आणि न बसल्यावर जेसन_टेबल गप्प राहतं, कारण त्याची मूळ वागणूक 'नल ऑन एरर' आहे. मूल्य मावलं नाही तर नल, म्हणजे रिकामं. आधी जास्त नावं रिकामी का होती तेही यातून कळतं. तेव्हा कचऱ्यामुळे प्रत्येक चिन्ह सहा बाइटचं होतं, हेच नाव १४७ बाइट झालं असतं.

कॉलम व्हारचार२(२०० चार) करा ('चार' म्हणजे कॅरॅक्टर, बाइट नव्हे), जेसन_टेबलमध्ये आणि ग्राहक टेबलातही. आणि जेसन_टेबलमध्ये वरच 'एरर ऑन एरर' लिहा. मग हीच गोष्ट ओआरए-४०४७८ म्हणून ओरडून सांगेल. एवढंच की काही ग्राहकांच्या नोंदीत एखादी की मुळातच नसते, जसा जीएसटी नंबर. अशा कॉलमना 'नल ऑन एम्प्टी' लिहून ठेवा, नाहीतर तिथेही थांबेल.

मला ही गोष्ट जिवाला लागते. मराठी नाव इंग्रजी मापाच्या डब्यात घातलं की एकतर कापलं जातं किंवा गायब होतं, आणि लोक समजतात माणसाने नाव भरलंच नाही.

—

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १२.४५

जोडाक्षर, वा! मी इतकी वर्षं हे वापरतोय आणि नल ऑन एररचा असा फटका लक्षात आला नव्हता. आज आमचे चार जॉब उघडून बघणार आहे.

कोयनाकाठ, मर्जमध्ये एक विचार करा. नाव नल आलं तर आधीचं चांगलं नाव त्या नलने पुसलं जाईल. ज्या कॉलमांना रिकामं असण्याचा हक्कच नाही त्यांना नॉट नल ठेवा, मर्ज तिथेच थांबू दे.

—

कोयनाकाठ | शनिवार, रात्री ९.३०

६११ पैकी ६११ आली. मोजून बघितली.

पुढची पायरी: रोज सगळे ४०,००० आणायची गरज नाही, 'अमुक वेळेनंतर बदललेले' असं सेवेला विचारता येतं. म्हणून दर तासाचा जॉब लावला, मागच्या खेपेची सिसडेट साठवते आणि पुढच्या खेपेला तीच पाठवते. आज दिवसभर शून्य नोंदी. विक्रीवाल्यांनी मात्र आज नऊ दुकानदार जोडलेत.

—

सिंगापूरहून | शनिवार, रात्री ११.५८

समोरच्या वेळेच्या शेवटी झेड आहे का? असेल तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे. तुमची सिसडेट सर्व्हरच्या घड्याळाची, म्हणजे भारतीय वेळ, साडेपाच तास पुढे. सकाळी ९ ची सिसडेट पाठवलीत तर समोरचा तिला दुपारी २.३० समजतो. जॉब तासाभराने धावतो, म्हणजे तुम्ही दरवेळी अजून न उजाडलेल्या वेळेनंतरचे बदल मागताय. मी इथे यूटीसीच्या आठ तास पुढे असतो, म्हणून हे मला लवकर सापडलं होतं.

आपलं घड्याळ वापरूच नका. आलेल्या नोंदींमधली सगळ्यात उशिराची बदल-वेळ साठवा आणि पुढच्या खेपेला तिच्या दहा मिनिटं आधीपासून मागा. थोड्या नोंदी दोनदा येतील. पण एकच ग्राहक मर्जच्या स्रोतात दोनदा आला की ओआरए-३०९२६ येऊ शकतं, म्हणून रो_नंबर लावून प्रत्येकाची ताजी नोंदच पुढे न्या. पानंही नावाच्या क्रमाने मागू नका. मध्येच कुणी ग्राहक काढला तर पानं सरकतात आणि एक जण दोन पानांच्या फटीत हरवतो. ग्राहक क्रमांकाच्या क्रमाने, 'याच्यापुढचे' असं मागा.

—

बेळगाववाला | रविवार, सकाळी १०.१०

ग्राहक क्रमांक नंबर कॉलममध्ये घेतला नाहीये ना? सुरुवातीची शून्यं जातात आणि मग '००४५१२' जुळत नाही. मोबाइलही व्हारचारच ठेवा. जीएसटी नंबरवरून ग्राहक ओळखू नका, एकाच मालकाची दोन दुकानं एका नंबरावर असतात.

अजून एक, मनापासून. त्या कच्च्या टेबलात आता ४०,००० माणसांचे मोबाइल आणि पत्ते आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ती दुसऱ्यांची ठेव आहे. ३० दिवसांपेक्षा जुनं कच्चं उत्तर पुसणारा जॉब आजच लावा आणि त्या टेबलावर सिलेक्ट फक्त तुमच्या स्कीमाला ठेवा.

—

निळा_हत्ती | रविवार, दुपारी ४.००

मी अजूनही बाहेरूनच आणेन, पण या धाग्यातली निम्मी दुखणी मला पायथनमध्येही झाली असती. वेळेचं तर नक्की झालंय. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

—

कोयनाकाठ | पुढचा गुरुवार, सायंकाळी ६.४०

सोमवारपासून खऱ्या स्कीमात चालू आहे. जॉब दर तासाला, सकाळी ६ ते रात्री ९. रात्री एकदा पूर्ण ४०,००० ची मोजणी होते आणि दोन्हीकडचा आकडा जुळला नाही तर मला मेल येतो. ग्राहक क्रमांक माझ्याकडे नंबरच होता, बेळगाववाला, तुमच्यामुळे वाचले. पुसण्याचा जॉबही लावला.

काल जत तालुक्यातल्या एका दुकानदाराने गोदाम बदललं. विक्रीच्या पोरीने ११.२० ला पत्ता बदलला, १२ च्या जॉबने तो आला, आणि दुपारी २ च्या गाडीचं चलन नव्या पत्त्यावर निघालं. चलन छापताना मी मुद्दाम प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिले. नाव पूर्ण आलं होतं, जोडाक्षरांसकट. हमालाने ते मोठ्याने वाचलं आणि पेट्या उचलायला घेतल्या.

एक्सेलवाल्या मुलाला आता मी जेसन_टेबल शिकवतेय. त्याचा पहिला प्रश्न होता की पत्त्याचा कॉलम किती चारचा ठेवायचा. जोडाक्षर, सांगाल का? आमच्याकडे 'मु. पो.' पासून जिल्ह्यापर्यंत एकाच ओळीत लिहितात.

—

जोडाक्षर | गुरुवार, सायंकाळी ७.१५

५०० चार द्या. सगळं मराठीत असलं तरी १,५०० बाइट होतील, व्हारचार२ च्या ४,००० च्या मर्यादेत आरामात बसतं. आणि त्या मुलाला म्हणावं, आधी कच्च्या टेबलातला सगळ्यात लांब पत्ता शोध आणि लेंग्थ व लेंग्थबी दोन्ही शेजारी लिहून बघ.